घरबसल्या संगीत नाटक : ‘कट्यार काळजात घुसली’



भाताची लावणी उरकली की आपल्या पनवेलकडे शेतकऱ्याला आठ-पंधरा दिवस जरा उसंत मिळते. चिखलाने खाल्लेले पाय शेकत बसावे, बाहेर पावसाने झोडपावे, आणि घरात काहीतरी चांगले ऐकायला-बघायला असावे, असे वाटते. पण ‘बघायचे काय’ यावरून घरात तंटा ठरलेला. म्हातारीला देवाधर्माचे हवे, पोरांना मारामारी हवी, सुनेला तिची मालिका चुकवायची नसते, आणि घरधनी बातम्या लावून घोरत असतो. सगळ्यांनी एका जागी बसून पाहावे असे हल्ली थोडेच असते. म्हणून या खेपेस एक चित्रपट सुचवतो. त्याचे मूळ रंगभूमीवरचे आहे, आणि त्यातले गाणे आपल्या मातीतले आहे. नाव आहे ‘कट्यार काळजात घुसली’.

नाव ऐकून कुणी बिचकू नये. यात रक्तपात थोडा आणि गाणे फार. पण ते सांगण्याआधी संगीत नाटक म्हणजे काय, हे घरातल्या लहानांसाठी दोन शब्दांत सांगायला हवे. कारण ज्यांनी ते पाहिले, ती पिढी आता ओसरीवर काठी घेऊन बसली आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी माणसाला गाणाऱ्या नाटकाचे वेड लागले. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. १८९९ साली देवलांचे ‘शारदा’ आले. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्याच्या चालीवर त्या नाटकाने असा कोरडा ओढला, की घराघरांत त्यावरून बोलणी झाली. १९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले, आणि बालगंधर्वांच्या गळ्याने महाराष्ट्र वेडावला. लोक बैलगाड्या जुंपून नाटकाला जात. एकेक पद तीन-तीनदा म्हणायला लावत. नाटक रात्री बसायचे आणि कोंबडा आरवला तरी संपायचे नाही.

मग बोलपट आला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. खुद्द बालगंधर्वांनीही पडद्याची वाट धरून पाहिली. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथांचे काम केले. पुढे १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट निघाला. त्यात आपले नाटकच त्यांनी कॅमेऱ्यापुढे उभे केले. तो चालला नाही. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. नाटकातला नट शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी हात उंच करतो, आवाज चढवतो. कॅमेरा तर त्याच्या नाकासमोर असतो. शेताच्या पल्याडच्या बांधावरून हाक मारावी तसे चुलीपाशी बसलेल्या माणसाशी बोलले, तर कसे वाटेल? तसेच ते होते.

ही गोष्ट अशासाठी सांगितली, की नाटक पडद्यावर आणणे सोपे नाही. पुष्कळांनी हात पोळून घेतले आहेत. ‘कट्यार’ मात्र तगली. कशी, ते आता पाहू.

मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिले. हे नागपूरचे गृहस्थ. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे. ते गोव्यातल्या मंगेशीचे. नाट्यसंपदा या संस्थेने डिसेंबर १९६७ मध्ये ते रंगभूमीवर आणले. संगीत नाटकाचे दिवस सरले असे लोक म्हणत होते, त्या काळात हे नाटक धो-धो चालले, ते मुख्यतः एका माणसामुळे. खाँसाहेबांची भूमिका करीत होते पंडित वसंतराव देशपांडे.

वसंतरावांचा जन्म १९२० सालचा, विदर्भातल्या मूर्तिजापूरचा. लहानपणी ‘कालियामर्दन’ या चित्रपटात ते कृष्ण झाले होते. पुढे पोटासाठी लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात गाणे सांभाळले. मौज अशी, की नाटकात त्यांनी रंगवला तो घराण्याच्या अभिमानाने फुगलेला गवई. आणि प्रत्यक्षात ते स्वतः दहा विहिरींचे पाणी प्यालेले. नागपुरात सप्रे गुरुजींकडे शिकले, लाहोरला असद अली खाँकडे गेले, सुरेशबाबू माने आणि अमान अली खाँ यांच्याकडूनही घेतले. जिथे चांगले बियाणे दिसले तिथून मूठभर आणले आणि आपल्या वावरात पेरले. १९८३ साली ते गेले, तेव्हा ‘आता कट्यार संपली’ असेच पुष्कळांना वाटले.

पण तसे झाले नाही. त्यांचा नातू राहुल देशपांडे गाऊ लागला. २०१० साली त्याने आणि सुबोध भावे या नटाने मिळून हे नाटक पुन्हा उभे केले. दिग्दर्शन सुबोधचे, आणि आजोबांची खाँसाहेबांची भूमिका नातवाने केली. सदाशिवाचे काम केले महेश काळे यांनी. हे अभिषेकीबुवांचे शिष्य. गुरूच्या घरी राहून, घरची कामे करून, पूर्वीच्या रीतीने शिकलेले. म्हणजे नाटक पुन्हा उभे राहिले ते एकाच्या नातवाने आणि दुसऱ्याच्या शिष्याने. एकाला वारसा रक्ताने मिळाला, दुसऱ्याला सेवेने. नाटकाचा विषयही नेमका हाच आहे, ते पुढे कळेल.

हे नाटक लोकांनी डोक्यावर घेतले, आणि मग त्याच मंडळींनी ते पडद्यावर न्यायचे ठरवले. दिवाळीच्या सुमारास, नोव्हेंबर २०१५ मध्ये चित्रपट आला. दिग्दर्शन सुबोध भावे यांचेच, आणि सदाशिवाचे कामही त्यांनीच केले. खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, पण त्यांच्या तोंडचे गाणे राहुल देशपांडे यांचे. पंडितजी झाले शंकर महादेवन. ते मूळचे गायकच, तेव्हा गळाही त्यांचाच. सदाशिवासाठी महेश काळे गायले, आणि त्या गाण्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिषेकीबुवांच्या जुन्या चाली ठेवून शंकर-एहसान-लॉय यांनी काही नवी गाणी घातली आहेत.

आता गोष्ट. शेवट सांगणार नाही, काळजी नसावी.

विश्रामपूर नावाचे एक संस्थान. तिथे पंडित भानुशंकर शास्त्री हे राजगायक. माणूस सात्त्विक, आणि गाणे शांत नदीसारखे. मिरजेस त्यांना एक मुसलमान गवई भेटतात, खाँसाहेब आफताब हुसेन. गळा विजेसारखा, पण नशीब उपाशी. पंडितजी त्यांना आपल्या गावी घेऊन येतात, राहायला जागा देतात, मान देतात. संस्थानात दरसाल गाण्याचा सामना होतो. जो जिंकेल त्याला राजगायकाचे पद, हवेली आणि एक कट्यार. त्या कट्यारीने गाण्याच्या अब्रूसाठी एक खून केला तर तो माफ, असा राजाचा हुकूम. खाँसाहेब सामन्याला उतरतात आणि हरतात. पुन्हा उतरतात, पुन्हा हरतात. वर्षामागून वर्षे अशी जातात. ज्याने आसरा दिला त्याच्यापुढेच दरवेळी मान खाली घालायची, हे मनात कुजत जाते. मग एका वर्षी पंडितजींचा आवाजच जातो. कट्यार खाँसाहेबांकडे येते, हवेली त्यांची होते, आणि पंडितजी गाव सोडून नाहीसे होतात. मागे राहते त्यांची मुलगी उमा.

अशा वेळी सदाशिव येतो. पंडितजींकडे शिकायचे म्हणून आलेला पोरगा. गुरू तर उरला नाही. मग तो ज्याच्यावर राग, त्याच खाँसाहेबांच्या हवेलीत नाव बदलून नोकर म्हणून राहतो. झाडतो, पाणी भरतो, आणि भिंतीला कान लावून गाणे शिकतो. खाँसाहेबांचा कायदा असा, की आमची गायकी आमच्या घराण्याबाहेर जायची नाही. घरातही फक्त पुरुषांना. त्यांची मुलगी झरीना. बापाचे सगळे गाणे तिच्या कानात मुरलेले, पण बाईने गायचे नाही असा दंडक. म्हणजे ज्याला घ्यायचे आहे त्याला द्यायचे नाही, आणि जिच्यापाशी आहे तिला उघडायचे नाही. मग ती विद्या जाणार कुठे? हा या गोष्टीचा गाभा आहे.

एक खुलासा करायला हवा. खाँसाहेब मुसलमान आणि पंडितजी हिंदू, म्हणून काही जण ही दोन धर्मांची झुंज समजतात. तसे नाही. झुंज आहे ती गर्वाची आणि विद्येची. खाँसाहेबांच्या गाण्याला नाटकाने कुठेही हलके लेखलेले नाही. उलट सदाशिव ज्याचा द्वेष करतो त्याचे गाणे ऐकून थक्क होतो, आणि त्याच गाण्याला शिष्य होतो. ‘माणूस वाईट म्हणून त्याचा गुणही वाईट’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे नाटक तसे मोकळे होऊ देत नाही.

पोरांना ऐकायला एक युक्ती सांगतो. एकच पद पंडितजी एका चालीत गातात, आणि तेच पद खाँसाहेब दुसऱ्या चालीत. शब्द तेच. एकात झऱ्याचे पाणी, दुसऱ्यात पुराचे. अभिषेकीबुवांनी ही दोन घराणी फक्त चालीतून वेगळी करून दाखवली. पोरांना राग-ताल कळला नाही तरी हा फरक कळेल. मूल विचारील, ‘हे तेच गाणे ना?’ तिथेच त्याचे गाण्याचे शिक्षण सुरू झाले म्हणून समजा.

आणि तो तंबोरा दिसेल, तो पाहून आपल्या शेतकऱ्याची छाती जरा फुगू द्यावी. तंबोऱ्याचा भोपळा कारखान्यात होत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यांत तो मुद्दाम पिकवतात, वेलावर जून होऊ देतात, वाळवतात, आणि मग तो मिरजेच्या कारागिरांकडे जातो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दरबारात राजापुढे जो सूर घुमतो, तो कुणा शेतकऱ्याच्या भोपळ्यातूनच घुमतो.

आता उणे-अधिकही सांगितले पाहिजे. नुसती वाहवा केली तर तो सल्ला राहत नाही, जाहिरात होते.

पहिले असे, की हा चित्रपट म्हणजे रंगमंचापुढे कॅमेरा मांडून घेतलेले नाटक नव्हे. राजवाडे आहेत, घाट आहेत, झगमगाट आहे. ज्यांनी नाटक पाहिले आहे त्यांना थोडे चुकल्यासारखे वाटेल. रंगमंचावर गवई एका ओळीवर पाव तास रेंगाळतो, श्रोत्यांनी मान डोलावली की आणखी खुलतो. चित्रपटात तेच पद चार-पाच मिनिटांत आटोपते. कणगीतले धान्य मापट्याने मोजून दिल्यासारखे होते. दुसरे, बोलण्यात हिंदी-उर्दू पुष्कळ आहे. म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसून सांगावे लागेल. तिसरे, लांबी सुमारे पावणेतीन तास. जेवणे आटोपून, गुरांना वैरण घालून मगच बसावे. आणि अगदी लहान पोरांना मारण्याचे एक-दोन प्रसंग भिववतील, तेवढे ध्यानात ठेवावे.

पण जमेची बाजू मोठी आहे. नाटकात दहाव्या रांगेतून खाँसाहेबांचे डोळे दिसत नाहीत. पडद्यावर दिसतात. हरल्यावर घरी येऊन बसलेला माणूस, बायकोकडे न बघता भिंतीकडे बघणारा, हे सचिन पिळगावकरांनी असे केले आहे की राग येण्याऐवजी पोटात कालवते. दर साल पीक बुडाल्यावर शेजाऱ्याचे भरले खळे पाहणारा माणूस आपणही पाहिला आहे. तो चेहरा ओळखीचा वाटेल.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा चित्रपट मी इतर कुणापेक्षा आपल्या पनवेल-उरणकडच्या घरांना अगत्याने सुचवतो.

आपल्याकडे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून वरातीपर्यंतचे विधी तिच्या धवल्यांनी पार पडत. पोथी नाही, वही नाही. शेकडो ओव्या तोंडपाठ. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे, चुलीपाशी आणि मांडवात चालत आलेली ही विद्या. आज गावोगाव धवलारणी म्हाताऱ्या झाल्या आहेत. मांडवात मोठे कर्णे लागतात, त्यात तिचा आवाज बुडतो, आणि पोरी म्हणतात, ‘आजी, आता पुरे.’ खाँसाहेबांनी झरीनेला गाऊ दिले नाही म्हणून आपण त्यांना नावे ठेवू. इथे आजी द्यायला बसली आहे आणि घ्यायला कोणी येत नाही. दोन्हीकडे विद्या मरते ती सारखीच.

हीच गत दुसऱ्या विद्यांची. खाडीकाठच्या खारजमिनीत भात काढणे ही सोपी गोष्ट नव्हती. बांध कोणत्या मातीचा घालावा, उघाडी कुठे ठेवावी, भरतीला ती आपोआप मिटावी आणि ओहोटीला पावसाचे पाणी निघून जावे, हे हिशेब जुन्या माणसांच्या हातात होते. १९७० साली सिडको आली, ठाणे-पनवेल-उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भाताच्या खाचरांवर इमारती आल्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. जमीन गेली तिचा मोबदला कमी-जास्त मिळाला, त्यासाठी लोक लढले, रक्त सांडले. पण त्या जमिनीबरोबर जे माहीतगारीचे धन गेले त्याची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर नव्हती, आणि त्याचा मोबदला कुणी मागितला नाही. शिरढोण, नेरे, मालडुंग्याकडे अजून जी शेते आहेत, तिथल्या घरांत तरी म्हाताऱ्यांपाशी हे धन शिल्लक आहे. कोणते भात पाणथळीत टिकते, कोणत्या नक्षत्रात किडीचा जोर होतो, हे विचारायला कुणीतरी बसले पाहिजे.

काही ठिकाणी उलटही असते. गुण असतो, पण माणूस सांगत नाही. हाड बसवणारा आपली हातोटी परक्याला दाखवत नाही. औषधी मुळी कुठली ते वैदू मरतानाही सांगत नाही. ‘सांगितले की गुण जातो’ म्हणे. खाँसाहेब काय वेगळे करतात? सांगितल्याने गुण जात नाही, मंडळी. न सांगितल्याने जातो. वसंतरावांनी आणि अभिषेकीबुवांनी आपले गाणे कुलपात ठेवले असते, तर २०१० साली हे नाटक पुन्हा उभे राहायला माणसे कुठून आली असती?

तर पाहायचे कसे? दूरचित्रवाणीवर हा चित्रपट अधूनमधून लागतो. मोबाइलवरूनही पाहता येतो. पण मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर एकेकट्याने कानांत बोंडे घालून पाहू नये. दूरचित्रवाणी संचाला जोडून घ्यावा, आवाज चांगला असेल असे पाहावे, आणि घरच्या सगळ्यांनी मिळून बसावे. गावात शाळेचा पडदा आहे म्हणून सगळ्या गावाला दाखवायचा विचार असेल, तर आधी मालकांची रीतसर परवानगी घ्यावी. चार घरे एका ओटीवर जमली तर कुणाची हरकत नसावी. चोरून उतरवलेली प्रत घेऊ नये. ज्यांनी कष्टाने पिकवले त्यांच्या शेतात रात्री शिरण्यासारखे ते आहे.

आणि चित्रपट आवडला तर तिथेच थांबू नये. पनवेल शहरात आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. आपल्याच शिरढोणच्या या सुपुत्राचे नाव दिलेली ही वास्तू एस.टी. ने गाठण्यासारखी आहे. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींवर नजर ठेवावी. एखादे संगीत नाटक लागले तर मागच्या रांगेची, कमी दराची तिकिटे काढून का होईना, एकदा घरच्या पोरांना न्यावे. पेटी-तबल्याच्या साथीने समोर जिता माणूस गातो, आणि त्याच्या गळ्याची शीर फुगलेली आपल्याला दिसते, हे पडद्यावर मिळत नाही. पडद्याने भूक लावावी, नाटकाने ती भागवावी.

एक शेवटचे काम सांगतो, आणि ते फुकटचे आहे. चित्रपट संपला की लगेच दिवा मालवून झोपू नये. घरात आजी असेल, आजोबा असतील, तर त्यांना विचारावे, ‘तुम्हाला काय येते, जे आम्हाला येत नाही?’ आधी ते हसतील, ‘आम्हा अडाण्यांना काय येणार’ म्हणतील. थोडा धीर धरावा, पुन्हा विचारावे. मग एखादा धवला निघेल, एखाद्या जुन्या भाताचे नाव निघेल, दाव्याची एखादी गाठ निघेल. घरातल्या शिकलेल्या पोरीने ते वहीत उतरून घ्यावे, आणि आवाज मोबाइलमध्ये साठवावा. त्या यंत्राचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

पुढच्या आठवड्यात भेटूच.